दर्शन आणि अंतर

डोंगरातील रक्षित अरण्ये, कड्यांवरून कोसळणारे प्रपात आणि आकाशास भिडलेले वृक्ष पाहावयाचे असतील तर थेट अमेरिकाच गाठली पाहिजे, अशी एक समजूत अलीकडे आपल्या सुखवस्तू घरांत रुजू लागली आहे. मुलगा अथवा कन्या कॅलिफोर्नियात नोकरीस असते. आईवडील चार-सहा महिने तिकडे राहून येतात. आणि परत आल्यावर योसेमिटीचे धबधबे व सेक्वोया वृक्षांचे प्रचंड बुंधे यांची छायाचित्रे आल्यागेल्यास कौतुकाने दाखविली जातात. यात आम्हांस वावगे असे काहीच वाटत नाही. जग पाहावे, डोळे भरून पाहावे. परंतु त्याच घरातील नातवंडांनी दोन तासांच्या वाटेवर असलेले महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर पाहिलेले नसते, आणि शेजारच्या जिल्ह्यात एकच वड साडेतीन एकरांच्या घरात पसरलेला आहे, हे कर्त्या माणसांसही ठाऊक नसते. तेव्हा मात्र या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटते.

आम्ही हे अंबडच्या वाचकांस उद्देशून लिहीत आहो. इतरांनी आपापल्या गावाचे नाव तेथे घालून वाचावे. अंबड हे एके काळी नाशिकच्या वेशीबाहेरचे साधे शेतकऱ्यांचे गाव होते. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, पाळ्यांवर चालणारे कारखाने आहेत, आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. तेथील मुलांस डोंगर म्हटला की पांडवलेण्यांचा डोंगर आठवतो, आणि पाणी म्हटले की नळ. अशा ठिकाणच्या कुटुंबास दोन दिवसांची सहल ही चैन नव्हे. ती शिक्षणाचा एक भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मार्ग सोपा आहे. आग्रा रस्त्याने विल्होळी, वाडीवऱ्हे मागे टाकून घोटीस यावे आणि तेथून डावीकडे वळावे. थोड्याच वेळात कळसूबाईचे शिखर समोर उभे राहते. त्याची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पायथ्याचे बारी गाव ओलांडले की शेंडी, आणि शेंडीस लागूनच भंडारदऱ्याचा जलाशय. अंबडहून हे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर भरते. पहिला दिवस भंडारदरा व रतनवाडी यांस द्यावा, मुक्काम शेंडीस करावा, आणि दुसऱ्या दिवशी रंधा धबधबा पाहून राजूर, अकोले, संगमनेर या वाटेने पेमगिरीस जावे. तेथून संगमनेर-सिन्नर मार्गे रात्री घरी येता येते. एकंदर फेरा पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास होतो. गेल्या श्रावणात आम्ही याच वाटेने सहकुटुंब जाऊन आलो. बरोबर शाळेत जाणारी दोन मुले होती आणि आमच्या पंचाहत्तरी उलटलेल्या मातोश्री होत्या. मुलांस धबधबा पाहावयाचा होता. मातोश्रींस वड पाहावयाचा होता. पन्नास वर्षे वडाची पूजा केली, पण खरा मोठा वड काही पाहिला नाही, असे त्या अनेक दिवस बोलत होत्या.

या प्रदेशाचे पहिले आश्चर्य म्हणजे तेथील पाऊस. जलाशयाच्या पश्चिम टोकाकडील घाटघर येथे वर्षास पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेत साठेक किलोमीटरांवर असलेल्या संगमनेरास पाचशे मिलिमीटरही पडत नाही. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्यास अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. पूर्वेस उरतो तो कोरडा वारा. ही विषमता ध्यानात घेऊनच प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधण्यात आले. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. तत्कालीन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणास देण्यात आले. दगडी बांधकामाच्या या भिंतीमागे सुमारे अकरा हजार दशलक्ष घनफूट पाणी राहते, आणि खालच्या कोरड्या तालुक्यांतील ऊस व धान्य त्यावर पिकते. शंभर वर्षांपूर्वीचे हे काम पाहून मुलांनी पहिला प्रश्न केला तो असा, की एवढे दगड वर चढविले कोणी? प्रश्न योग्य होता. धरणे गव्हर्नरांच्या नावाने ओळखली जातात. ती बांधलेली असतात मजुरांनी.

धरणाच्या पायथ्याशी, भिंतीतून सोडलेले पाणी एका घुमटासारख्या खडकावर पडून चोहोकडे छत्रीसारखे पसरते, त्यास लोक अंब्रेला धबधबा म्हणतात. खाली प्रवरेवर रंध्याचा प्रपात आहे. तेथे नदी सुमारे १७० फूट खोल घळीत उडी घेते. काठावर घोरपडादेवीचे देऊळ आहे. हे दोन्ही धबधबे केवळ निसर्गाचे आहेत असे समजू नये. प्रवरेचे पाणी अडवून वीज व शेती यांस दिले जाऊ लागल्यापासून रंध्याचे पूर्ण रूप बहुतांशी पावसाळ्यातच दिसते. नदीत किती पाणी यावयाचे ते धरणावर ठरते. म्हणून पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात उतरणे हे दुहेरी अविचाराचे आहे. वरच्या पावसाचा भरवसा नाही, आणि दरवाजाचाही नाही. विसर्ग वाढविण्यापूर्वी काठच्या गावांस इशारा देतात. पण प्रपाताच्या गर्जनेत तो इशारा पाहुण्याच्या कानी पडेलच असे नाही.

या ठिकाणी आम्हांस घडलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे. रतनवाडीकडे जाताना वाटेत एक ओढा लागला. पाणी गुडघाभर, स्वच्छ, आणि मधोमध एक सपाट खडक. पंधरा-वीस तरुण मंडळी त्या खडकावर बसून छायाचित्रे काढीत होती. आमच्या मुलांनी तेथे जाण्याचा हट्ट धरला, मातोश्री नको म्हणत होत्या, आणि "सगळेच तर जातात, आजी!" हे मुलांचे पालुपद चालू होते. काठावर एक ठाकर बाई मक्याची कणसे भाजीत बसली होती. ती एकाएकी उठून उभी राहिली आणि ओरडली, "पानी लाल झालंय! वर घ्या पोरांना, वर घ्या!" आम्हांस पाण्यात काहीच दिसत नव्हते. तिने बोट दाखविले तेव्हा कळले, की वरच्या अंगाने पाण्याचा रंग किंचित तांबूस होत आला होता आणि त्यावरून वाळल्या काड्या वाहत येत होत्या. आम्ही उभे होतो तेथे ऊन पडलेले होते. तिचा आवाज ऐकून खडकावरची मंडळी कुरकुरत काठास आली. घड्याळात पाहिले नाही. पण बाईने दुसरे कणीस भाजून मुलांच्या हाती दिले तोवर तो खडक दिसेनासा झाला होता.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. थोरल्या मुलाने कणीस तसेच हातात धरून ठेवले होते.

ज्यांस ही गोष्ट अतिरंजित वाटेल त्यांनी ३० जून २०२४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे, त्यांत लहान मुलेही, वाहून गेली. प्रवाहाच्या मध्यावर ती मंडळी एकमेकांस घट्ट धरून उभी होती. काठावरची माणसे पाहत होती. कोणासही काही करता आले नाही. वाहत्या पाण्याचे बळ त्याच्या वेगाबरोबर फार झपाट्याने वाढते. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट न होता चौपट होतो. म्हणून क्षणापूर्वी ज्या पाण्यात लहान मूल खेळत होते त्याच पाण्यात पुढच्या क्षणी धडधाकट पुरुषाचे पाय सुटतात. सह्याद्रीचे कडे बेसाल्ट खडकाचे आहेत. त्यांत पाणी फारसे मुरत नाही. माथ्यावर पडलेली सर थोड्याच वेळात खालच्या ओढ्यात उतरते. खाली ऊन आहे म्हणून वर पाऊस नाही, असे अनुमान येथे सर्वस्वी चुकीचे ठरते.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी सहलीस निघण्यापूर्वीच काही नेम ठरवून टाकावेत. धबधबा समोरून अथवा बाजूने पाहावा. त्याच्या खाली किंवा माथ्यावर उभे राहू नये. पाणी गढूळ झाले, त्यावर पालापाचोळा दिसू लागला, किंवा त्याचा आवाज बदलला, की विचार करीत न बसता उंचावर जावे. ज्या पाण्यात गावचा माणूस उतरत नाही त्यात पाहुण्याने उतरू नये. सांदण दरीसारख्या अरुंद घळींचे नाव पावसाळ्यात काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काठावर बसलेल्या गावकऱ्याचे म्हणणे, तो कणसे विकणारा असो की गुरे राखणारा, मुकाट्याने ऐकावे. त्या ओढ्याचे शास्त्र त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते.

हा झाला स्वतःच्या जिवासाठी अंतर राखण्याचा भाग. परंतु दुसऱ्याच्या जिवासाठीही अंतर राखावे लागते, हे याच प्रदेशात शिकावयास मिळते.

भंडारदऱ्याभोवतीचे डोंगर १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून रक्षिले आहेत. त्याचा विस्तार सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंत येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांसारख्या झाडांवर लक्षावधी काजवे जमतात. एखादे झाड एका ठेक्यात उजळते आणि विझते. हा प्रकाश करमणुकीचा नव्हे. तो काजव्यांच्या विवाहाचा निरोप आहे. नर आपल्या लुकलुकण्याने मादीस आपला ठावठिकाणा कळवितो, आणि अवघ्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात हे एकच कार्य त्यास उरकावयाचे असते. आता अशा झाडाखाली शेकडो मोटारी आपापले दिवे लावून उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकाने विजेरीचा झोत फांद्यांवर टाकला, तर तो निरोप पोहोचणार कसा? यामुळेच वनखात्यास त्या दिवसांत वाहनांवर व रात्रीच्या प्रवेशावर बंधने घालावी लागतात. लग्नघरात पाहुण्यांनी इतका गोंगाट करावा की मंगलाष्टके ऐकूच येऊ नयेत, असा हा प्रकार आहे.

वृक्षांची गोष्ट याहून गूढ आहे, कारण त्यांस होणारी इजा डोळ्यांस दिसत नाही. येथे प्रारंभी उल्लेखिलेल्या अमेरिकेकडे क्षणभर वळणे उपयोगी ठरेल. कॅलिफोर्नियातील सेक्वोया राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १८९० सालची. तेथील जनरल शर्मन हा वृक्ष घनफळाने जगात सर्वांत मोठा. उंची सुमारे ८४ मीटर, वय दोन हजार वर्षांहून अधिक. असा वृक्ष कुऱ्हाडीखेरीज कशास भीक घालणार, असे आपणांस वाटते. पण त्याची मुळे खोल जात नाहीत. ती जमिनीच्या वरच्या काही फुटांतच दूरवर पसरतात. माणसे व वाहने यांच्या भाराने माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही आणि बारीक मुळे गुदमरतात. त्या वनात प्रवाशांच्या सोयीसाठी उपाहारगृहे, विश्रामगृहे व रस्ते झाले होते. शेवटी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अडीचशेहून अधिक इमारती तेथून उचलण्यात आल्या, आणि लोक दुरून पाहू लागले. त्याच प्रांतातील हायपेरियन हा रेडवुड जातीचा वृक्ष तर ११५ मीटरांहून उंच, जगात सर्वांत उंच आहे. त्याची जागा मुद्दाम जाहीर केलेली नव्हती. हौशी लोकांनी ती शोधून काढली, वाट नसता रान तुडविले, भोवतीचे नेचे नष्ट केले. २०२२ साली उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले, की जो कोणी तेथे जाईल त्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल. ज्यांनी आदराने यावे तेच भाराने मारू लागले, म्हणून कायद्यास मध्ये यावे लागले.

ही हकीकत मनात ठेवून पेमगिरीस जावे. संगमनेरहून हे गाव वीसेक किलोमीटरांवर आहे. तेथील किल्ल्यावर १६३२-३३ च्या सुमारास शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकास गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेतला, म्हणून इतिहासात गावाचे नाव आहे. पण आमच्या मातोश्रींस किल्ल्याशी कर्तव्य नव्हते. त्या वडाजवळ आल्या आणि थबकल्या. प्रथमदर्शनी तो एक वृक्ष वाटतच नाही. एखादी जुनी राई असावी असे वाटते. आत शिरल्यावर ध्यानात येते, की येथे राई नाही. एकाच जिवाच्या पारंब्या जागोजाग भूमीस टेकून त्यांचे खांब झाले आहेत. वडाखाली ग्रामदेवतेचे ठाणे आहे. कोणत्याही सरकारी फलकाच्या फार पूर्वीपासून या झाडाचे रक्षण झाले आहे ते गावाच्या श्रद्धेने; येथील लाकूड तोडावयाचे नाही, एवढा एकच नेम गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

धाकट्या मुलीने विचारले, "आजी, यातलं खरं झाड कोणतं?" मातोश्री म्हणाल्या, "सगळंच खरं." हे उत्तर भाबडे वाटले तरी शास्त्रास धरून आहे. कलकत्त्याजवळ शिवपूरच्या वनस्पती-उद्यानात असाच एक प्रसिद्ध वड आहे. १८६४ व १८६७ सालच्या वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, आणि १९२५ साली त्याचा मूळ बुंधाच काढून टाकावा लागला. तरीही तो वड जिवंत आहे आणि वाढत आहे. साडेचार एकरांहून अधिक भूमी त्याने व्यापली आहे. मात्र हे सारे अवलंबून आहे ते पारंबीवर. भूमीस टेकेपर्यंत पारंबी दोरीसारखी बारीक व कोवळी असते. ती टेकली, तिने मातीत मूळ धरले, की ती जाड होऊ लागते आणि कालांतराने वरच्या आडव्या फांदीस खांबासारखा आधार देते. तिच्यावर कोणी झोके घेतले, तिचे टोक गंमत म्हणून खुडले, किंवा खालची माती चालून चालून दगडासारखी झाली, तर तो खांब कधीच उभा राहत नाही. आणि पन्नास वर्षांनी एखाद्या वादळात आधारावाचून ती फांदी कोसळते. झोका घेणाऱ्याचा नातूही तोवर ते विसरलेला असतो.

आमच्या मुलांचे हात पारंबीकडे गेलेच होते. पण ओढ्याकाठचा धडा ताजा असल्यामुळे त्यांनी ते आपणहून मागे घेतले. मातोश्रींनी पिशवीत सुताचे बंडल आणले होते. ते त्यांनी बाहेर काढलेच नाही. वडाच्या बाहेरील कडेकडेने, काठी टेकीत, दोनदा विसावा घेत त्यांनी एक प्रदक्षिणा पुरी केली. नंतर गाडीत बसल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "त्या ओढ्यावरच्या बाईच्या आजीला माझ्या आजीनं ओसरीच्या खालीच उभं केलं असतं. आणि वडाच्या मात्र फांद्या तोडून घरात आणायची. कशापासून लांब राहायचं ते आम्हाला कधी नीट कळलंच नाही."

या वाक्यावर आम्हांस फार विचार करावा लागला. अंतर राखणे ही गोष्ट आपल्या घरांस नवी नाही. सोवळ्याच्या नावाखाली आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके अंतर राखले. पण ते राखले माणसांपासून, आणि ज्यांच्यापासून राखले त्यांच्याच श्रमावर आपली घरे उभी होती. ते अंतर अन्यायाचे होते, आणि त्याचा जो अंश मनात उरला असेल तोही गेला पाहिजे. परंतु देवघरातील सोवळ्यात दुसरीही एक जाणीव होती. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मनुष्य थांबतो; दर्शन घेतो; मूर्तीस कवटाळीत नाही. हात लावण्यापूर्वी थांबणे हा त्या वस्तूच्या मोठेपणाचा स्वीकार असतो. माणसांपासून अंतर राखताना आपला समाज कधी संकोचला नाही. नदी, वृक्ष आणि रानातील जीव यांच्यापाशी मात्र उंबरा ओलांडून थेट आत शिरला. हा क्रम आता उलटविला पाहिजे, आणि तो उलटविण्यास सहलीसारखी शाळा नाही. मूल ओढ्याकाठच्या बाईशेजारी बसून कणीस खाईल आणि पारंबीपासून चार हात दूर उभे राहील, तर दोन दिवसांचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.

कोणी म्हणेल, की पेमगिरीचा वड राहिला काय अन् गेला काय, आमच्या अंबडास त्याचे काय? त्यांनी आग्रा रस्ता आठवावा. या रस्त्याच्या दुतर्फा जुने वड होते. रुंदीकरणाच्या कामी त्यांतील अनेक गेले. २०२५ च्या अखेरीस तपोवनातील झाडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडण्याच्या प्रस्तावावरून नाशकात केवढा वाद उठला, तेही वाचकांस स्मरत असेल. रस्ता हवा, मेळाही हवा. ही गरज आम्ही नाकारीत नाही. पण मोठे झाड सोयीच्या आड आले की त्याने बाजूस व्हावे, हे आपण इतके गृहीत धरले आहे, की सोयीनेच थोडे बाजूस व्हावे असा विचार आपल्या मनास शिवत नाही. तोडलेल्या एका झाडाबद्दल दहा रोपे लावू, हे आश्वासन ऐकावयास बरे वाटते. परंतु दहा रोपांची बेरीज म्हणजे शंभर वर्षांचा एक वड नव्हे. त्या बेरजेत शंभर वर्षे कोठून घालणार?

आता घरात करण्याजोगी एक साधी गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. ज्येष्ठी पौर्णिमेस बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग येतात. घरोघर त्या कुंडीत अथवा पाटावर ठेवून पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. सावित्रीची कथा एका जिवास मरणाच्या हातून सोडविण्याची आहे. तिच्या नावाने जिवंत फांद्या तोडाव्यात, यास शास्त्राचा आधार असेल असे आम्हांस वाटत नाही. जवळपास वड असेल तर त्याच्यापाशी जावे. बुंध्यास सुताचे वेढे देऊन ते तसेच कुजत ठेवण्यापेक्षा लांबून प्रदक्षिणा करावी. मुळाशी एक घागर पाणी घालावे. जवळ वड नसेल तर भिंतीवर अथवा पाटावर गंधाने वड काढून पूजा करावी, जशी कित्येक घरांत पूर्वीपासून करीत आले आहेत. आमच्या घरी यंदापासून हाच प्रघात पडला आहे, आणि तो मातोश्रींनीच घातला. फांदीचे जे पैसे वाचतील त्यांत वडाचे एक रोप येऊ शकते. ते कोठे लावावयाचे याचा मात्र आधी नीट विचार करावा. वसाहतीतील दोन घरांमधला बोळ वडास पुरत नाही. गायरान, शाळेचे मोठे पटांगण किंवा नदीकाठची मोकळी जमीन पाहावी, आणि पुढील शंभर वर्षे तेथून रस्ता जाणार नाही, अशी चौकशी ग्रामपंचायतीत अथवा महापालिकेत करूनच खड्डा खणावा.